ऑफर लेटर येईपर्यंतचा खर्च कुणी करायचा?

प्रश्न : ताई, मी दिग्रस तालुक्यातली, नवबौद्ध. घरी शेती नाही, आईबाबा मजुरीला जातात. बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, ६८ टक्के मिळाले. परदेशात एम.ए. करायचं आहे. सरकार सगळा खर्च देतं म्हणतात, पण आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आणि विद्यापीठाचं प्रवेशाचं ऑफर लेटर यांसाठी आधीच पैसे लागतात. आम्ही काय करावं?

उत्तर : नेमकं इथंच गाडं अडतं. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहेत. फी, निर्वाहभत्ता, विमानभाडं मिळतं. पण निवड झाल्यावर! त्याआधी क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या २०० मधल्या विद्यापीठाचं विनाअट ऑफर लेटर हवं. आयईएलटीएसची फीच अठरा हजारांच्या घरात, नागपूरला जाणं-राहणं वेगळं. सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या घरानं हे कुठून आणायचं? आठ लाखांची उत्पन्नमर्यादा घालणाऱ्या सरकारनं हा खर्चही उचललाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर वाट शोधू. बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर आयईएलटीएस माफ करणारी काही ब्रिटिश विद्यापीठं आहेत; आधी ती बघ. अर्जाची फी माफ करा, अशी ईमेल बिनधास्त टाक.

शिफारसपत्राचं आत्ताच बघ. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवते, म्हणून सांगते. विद्यापीठ सरांच्या ईमेलवर लिंक पाठवतं आणि बहुतेकदा कॉलेजच्या नावाचाच ईमेल मागतं. आपल्याकडे सगळा कारभार जीमेलवर. प्राचार्यांना भेटून कॉलेजचा ईमेल सुरू करून घे. लिंक आली की सरांजवळ बसून ती भरून घे, नाहीतर ती स्पॅममध्ये पडून राहते आणि मुदत निघून जाते.

केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत. तिथं पहिल्या ५०० मधलं विद्यापीठ चालतं, ६० टक्के लागतात, ते तुझ्याकडे आहेत. मात्र २०२२ पासून भारताचा इतिहास, संस्कृती, भारतातल्या समाजावरचं संशोधन हे विषय तिथं बसत नाहीत. आपल्याच वस्तीचा अभ्यास करायला निघालेल्या मुलीला ही अट जिव्हारी लागते. कोर्स निवडण्याआधी त्या वर्षीची नियमावली वाच.

एजंटाला एक रुपयाही देऊ नकोस. यवतमाळला अशा मुलांना उच्च शिक्षणासाठी मार्गदर्शन करणारी ‘एकलव्य’ संस्था आहे. तिचे संस्थापक राजू केंद्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारेहून ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आलेत. तिथं विचार. एसओपी, म्हणजे हे शिक्षण का घ्यायचं ते सांगणारं अर्जासोबतचं निवेदन, आधी मराठीत लिही, वस्तीत जे पाहिलंस ते सगळं. इंग्रजीचं आपण नंतर बघू.