सगळं देवाच्या इच्छेने होतं, तर बोट विकायची की ठेवायची हे मी का ठरवायचं? (वसई, पाचूबंदर)

ठरवायचं तुम्हालाच आहे. देवाची इच्छा तुमचा निर्णय तुमच्या हातून काढून घेत नाही. कॅथलिक चर्चने हे ट्रेंटच्या धर्मपरिषदेत 1547 साली स्पष्ट केलं: माणूस निर्जीव वस्तूसारखा निष्क्रिय नसतो, तो देवाच्या कृपेला होकार देतो आणि नकारही देऊ शकतो. बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र 2:12-13 वाचा. पौल एका दमात दोन्ही सांगतो: तारण साधून घ्या, आणि तशी इच्छा व कृती तुमच्यात घडवणारा देवच आहे. म्हणून चिन्हाची वाट बघत बसू नका. प्रार्थना करा, मग डिझेलचा खर्च, कर्जाचे हप्ते, यंदा डोल जाळ्यात किती म्हावरं आलं आणि घरच्यांचं म्हणणं, सगळं समोर मांडा. हा विचार करणं म्हणजे अविश्वास नव्हे, बुद्धीही त्यानेच दिली आहे. मात्र खलाशांची मजुरी थकवून बोट विकायची असेल, तर तिथे निवडीचा प्रश्नच नाही. मजुरी अडवू नये ही देवाची आज्ञा आहे (याकोब 5:4). प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेतल्या मंडळीत असाल, तर तुमचे पाळक देवाच्या सार्वभौमत्वावर जास्त भर देतील.