टागोरांचे भाऊ साताऱ्यात जज होते?

प्रश्न : नातीला शाळेत रवींद्रनाथ टागोरांवर भाषण करायचंय. सकाळी फिरायला येणारे एक वकील म्हणाले की टागोरांचे सख्खे भाऊ आपल्या साताऱ्यात जज होते. खरंय का हे? – एक आजोबा, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आजोबा, वकीलसाहेब बरोबर सांगतायत. ते सत्येंद्रनाथ टागोर, आयसीएस झालेले पहिले भारतीय, सगळी नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात केली आणि १८९७ला रिटायर झाले ते साताऱ्याचे जज म्हणूनच. रवींद्रनाथांपेक्षा १९ वर्षांनी मोठे. आणि नुसती नोकरी करून गेले नाहीत हो, मराठी शिकले, तुकोबांचे अभंग बंगालीत नेले! रवींद्रनाथांनीही काही अभंग बंगालीत केलेत. मला तर हे नोबेलपेक्षा मोठं वाटतं, कारण नोबेल सगळ्यांनाच माहितीय, १९१३, गीतांजली, प्रत्येक भाषणात तेच असतं, पण इंद्रायणीकाठचा तुकोबा टागोरांच्या घरात पोचला होता हे आपल्याच पोरांना कुणी सांगत नाही.

अजून एक. १८७८ला विलायतेला जायच्या आधी इंग्रजी बोलायची सवय व्हावी म्हणून सत्येंद्रनाथांनी धाकट्या भावाला मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवलं, प्रार्थना समाजाचे संस्थापक ते. त्यांची मुलगी अन्नपूर्णा विलायतेत शिकून आलेली, तिच्याकडे हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्रजी शिकला, आणि तिचं नाव त्याने 'नलिनी' ठेवलं. हे नाव पुढेही त्यांच्या लेखनात येत राहिलं.

आणि साताऱ्यातल्या मुलीने भाषणात घ्यायलाच पाहिजे ती कविता म्हणजे १९०४ची 'शिवाजी उत्सव'. सखाराम गणेश देउस्कर म्हणून बंगालीत लिहिणारे एक मराठी माणूस होते, त्यांच्या शिवरायांवरच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ती लिहिली. सुरुवातीलाच कवी महाराजांना विचारतो की कुठल्या दूरच्या शतकात, कुठल्या अनाम दिवशी, मराठ्यांच्या कुठल्या डोंगरावर, रानाच्या अंधारात बसलेले असताना तुमच्या कपाळावर तो विचार विजेसारखा चमकला, की तुकड्या तुकड्यांत पसरलेला हा देश एका धर्मराज्यात बांधायचा.

नातीला म्हणावं, जन्म-शिक्षण-पुरस्कार नंतर घे, सुरुवात ह्या प्रश्नाने कर. तुमच्या घरातनं अजिंक्यतारा दिसत असेलच.