ओपीजीत काही नाही, मग सीटी कशाला?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत. उजव्या खालच्या दाढेजवळ हिरडीवर जखम आहे, बायोप्सीत कॅन्सर निघाला. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या साध्या एक्स-रेत) हाडाला काही नाही असं लिहिलंय, तरी बेळगावच्या डॉक्टरांनी सीटी सांगितलाय, एमआरआयचंही बोलतात. दोन्ही लागतात का? दाढ हलते, ती इथंच काढून घेऊ का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दाढेला आधी कुणाला हात लावू देऊ नका. ती उपटली की मोकळ्या खाचेतून कॅन्सरला हाडात उतरायला वाट मिळते. शिवाय ताज्या खाचेची सूज एमआरआयवर कॅन्सरसारखीच दिसते. काढायची की नाही ते ऑपरेशन करणारे सर्जनच ठरवतील.

हाडातले ३० ते ५० टक्के क्षार गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर फरक उमटत नाही. ओपीजीत हाड खाल्लेलं दिसलं तर ती माहिती कामाची, पण दिसलं नाही म्हणून हाड कॅन्सरपासून बचावलं असं धरू नका.

सीटी कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून टोचायचं औषध) देऊन, १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा हवा. त्यात हाडाचं वरचं कठीण कवच कुठं झिजलंय ते कळतं. गाल हिरडीला चिकटलेला असला तर गाठ नेमकी कुठली ते समजत नाही, म्हणून ओठ घट्ट मिटून, फुगा फुगवताना फुगतात तसे गाल फुगवून, नाकानं हळू श्वास घेत काही सेकंद स्थिर राहायला सांगतात. घरी आरशासमोर चार-पाच वेळा करून बघा. काढता येणारी कवळी काढून ठेवा. धातूच्या कॅपमुळे चित्रावर पांढऱ्या रेघा येतात आणि नेमकी तिथली कड झाकली जाते. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत न्या. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल किंवा कशाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

एमआरआय लागतो तो हाडाच्या आतल्या मगजासाठी. या वयात मगज चरबीचा, एमआरआयच्या टी-१ नावाच्या चित्रात उजळ दिसतो. कॅन्सर शिरला तिथं काळवंडतो. पण दाढेचा पू, जुनं रेडिएशन यांनीही तो काळवंडतो, म्हणून एमआरआय सीटीशी ताडूनच वाचावा लागतो. माझं मत विचाराल तर आधी सीटी, शंका उरली तरच एमआरआय. खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर वाटत असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. जबड्यातली नस हाडाच्या आतून जाते, ती धरली गेली असू शकते.

एवढा खटाटोप ऑपरेशन ठरवण्यासाठी असतो. कॅन्सर कवचापाशीच थांबला असेल तर बहुतेकदा जबड्याची वरची कड काढून खालची राखता येते. मगजात उतरला असेल तर जबड्याचा पूर्ण तुकडा जातो आणि तिथं बऱ्याचदा पायाचं हाड बसवावं लागतं. रिपोर्टच्या कागदावर भागवू नका, स्कॅनची सीडीही मागून घ्या.

प्रश्न : दाताच्या दवाखान्यातला सीबीसीटी (दात-जबड्याचा छोटा सीटी) चालेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : हाडाची कड त्यात छान दिसते, पण गाल, जीभ आणि मानेतल्या गाठी कळत नाहीत. एकट्या त्यावर ऑपरेशन ठरवू नये.