भाऊ बोलत नसताना

जय ख्रिस्त, ताई. भाऊ बोलत नाही, काय करू, असं तुम्ही विचारलंत. प्रार्थना सोडू नका. पण "त्याचं मन बदल" एवढंच मागू नका. त्याच्या तब्येतीसाठी, कामासाठी, लेकरांसाठी नाव घेऊन मागा. अशा मागण्याने तुमच्या मनातला कडूपणा आधी उतरेल.

बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (12:18) प्रेषित पौल शांतीने राहायला सांगतो, पण 'तुमच्याकडून होईल तितके'. भावाच्या वाट्याचं ओझं तुमच्यावर नाही. मार्क नावाच्या सोबत्यावरून पौलाचं बर्णबा या सहकाऱ्याशी इतकं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुढे कैदेतून तोच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये. मधे समेट कसा झाला, हे शास्त्र सांगत नाही. मला त्या न सांगितलेल्या वर्षांचाच फार आधार वाटतो.

आपल्याकडचं पाहा. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. काही वर्षांनी त्या परत नांदायला आल्या त्या हिंदू म्हणूनच. बाप्तिस्मा 1900 मध्ये, स्वतःच्या मनाने घेतला. आधी घर जुळलं. म्हणून भावापुढे विश्वासाची अट ठेवू नका.

दिवाळीला दोन ओळींचं पत्र टाका. त्यात बायबलची वचनं नकोत, जुना हिशेब नको. नातेवाइकांकरवी निरोप तर मुळीच नको, शब्द बदलतात.

भावाच्या घरी तुम्हाला मारहाण झाली असेल, तर क्षमा करा, पण एकट्या जाऊ नका. आधी चर्चच्या पाळकांशी बोला.