फाइन आर्ट्स नक्की कोणाला करायचंय?

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारात राहतो. मुलगी बारावी सायन्सला, ए ग्रुपमध्ये (गणित घेऊन) आहे. अकरावीत 68 टक्के होते, केमिस्ट्रीत त्याहून कमी. जुने फोटो लाकडी फळीवर, कापडी पिशवीवर उतरवण्याचा, म्हणजे फोटो ट्रान्सफरचा, तिला नाद आहे. रात्री स्वयंपाकघरात बसून करत असते. लोक बघतच राहतात. दिवाळीसाठी मी चाळीस ऑर्डरी घेतल्या आहेत. आम्ही फाइन आर्ट्सच करायचं ठरवलंय, पण हल्ली ती विषय निघाला की उठून जाते. मला स्वतःला पुष्पबागेत, म्हणजे एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत, शिकायचं होतं, वडिलांनी पाठवलं नाही. तिच्या बाबतीत तसं व्हायला नको. तिला कसं समजावू? सोबत तिच्या कामाचे आणि वहीचे फोटो पाठवते. – एक आई, वडोदरा

उत्तर : ताई, माझ्याकडे सहसा उलटी पत्रं येतात. मुलीला चित्रं काढायची असतात आणि घरचे म्हणतात, आधी सीए हो. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना सुरुवातीला बरं वाटलं. पण पुढे पुढे ते ‘आम्ही’ टोचायला लागलं. ‘आम्ही ठरवलंय’ म्हणजे कोणी? अख्ख्या पत्रात मुलीचं एकही वाक्य नाही. ती उठून जाते, एवढंच तिचं उत्तर तुम्ही कळवलंय. मला तरी ते पुरेसं स्पष्ट वाटतं.

तुमच्या वडिलांनी तुम्हाला अडवलं, हे वाईटच झालं. पण त्याची भरपाई मुलीकडून करून घेणं ही त्याच हट्टाची दुसरी बाजू आहे. त्यांनी एका दारातून ओढून बाहेर काढलं, तुम्ही त्याच दारातून ढकलताय. आणि बारावीच्या वर्षात चाळीस ऑर्डरी? तिला न विचारता? याला प्रोत्साहन म्हणत नाहीत. नाद होता तोवर ती रात्री आपणहून बसत होती. आता गिऱ्हाइकांची तारीख गाठायला बसावं लागेल.

एक गैरसमज मात्र नीट काढायला हवा. फोटो सुरेख उतरवता आला म्हणजे फाइन आर्ट्सला जागा पक्की, असं तुम्ही धरून चालला आहात. तिथल्या प्रवेशाच्या चाचणीत रेखाटन, रंग, रचना बघतात. ट्रान्सफर करायला रेघ ओढावी लागत नाही, तंत्र आठवडाभरात हाताला बसतं. रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने 1958 ते 1960 या काळात इटालियन कवी दान्तेच्या ‘इन्फर्नो’ या नरकावरच्या काव्यावर 34 चित्रं केली. मासिकांतले छापील फोटो शाई विरघळवणाऱ्या द्रावकाने ओले करायचे, कागदावर पालथे ठेवायचे आणि मागून घासायचे, अशी त्याची रीत. पण त्याचं नाव झालं ते कुठल्या सर्गाला कुठला फोटो, आणि तो कुणाशेजारी, या निवडीमुळे. तुमच्या मुलीला त्या निवडीत रस आहे का, हे मी तिच्या कामात शोधलं. सगळीकडे घरचेच फोटो आहेत, मधोमध, सरळ. सफाई उत्तम आहे, पण चित्र म्हणून तिला काही म्हणायचंय असं दिसत नाही.

मग वहीचे फोटो उघडले.

ताई, ती वही तुम्ही वाचली आहे का? एका पानावर एकाच फोटोच्या दोन प्रती आहेत. एक लेसर प्रिंटरची, एक इंकजेटची. दोन्ही अ‍ॅक्रिलिक जेलमध्ये, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या लेपात, पालथ्या चिकटवल्या, रात्रभर वाळवल्या, मग मागून पाणी लावून बोटाने चोळल्या. लेसरच्या प्रतीचा कागद वळ्या होऊन निघाला आणि चित्र जेलात राहिलं. इंकजेटमध्ये आजोबांचा काळा कोट जांभळा होऊन ओघळला. खाली तिने लिहिलंय : ‘लेसरचा टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड, उष्णतेने वितळून बसते, पाण्यात विरघळत नाही. इंकजेटची शाई विरघळते.’ पुढच्या पानावर आणखी एक नोंद : ‘ओलं असताना चित्र स्वच्छ, वाळल्यावर पांढुरकं. का?’ आणि हे शोधायला तिने तीन ठिपके केलेत. एकावर काहीच नाही, एकावर खोबरेल, एकावर जेलचा आणखी एक हात. उरलेल्या कागदाच्या तंतूंमध्ये हवा शिरली की प्रकाश विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. तेलाने किंवा जेलने ती जागा भरली की पुन्हा स्वच्छ. ती या उत्तरापर्यंत स्वतःच्या स्वतः पोचली आहे. केमिस्ट्रीत कमी मार्क असलेली मुलगी!

तिचा जीव फोटोत नाही. रंग पृष्ठभागाला का धरतो आणि का सोडतो, यात आहे. ही रसायनशास्त्राची ओढ आहे, आणि बडोद्यात तिचं कोणाला नवल वाटायला नको. सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली तेव्हा पहिले प्राचार्य नेमले ते त्रिभुवनदास गज्जर, रंगांचे रसायनतज्ज्ञ. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणी डांबर फासलं, तेव्हा तो दगडाला धक्का न लावता साफ करून देणारे हेच. पुतळा राणीचा होता ते सोडा, पण कसब बघा.

जेईई, गुजसेट या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षा तुम्हाला माहीत आहेत, ते सुरू राहू द्या. त्यापलीकडे दोन वाटा तिच्यासमोर ठेवा. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमध्ये (आयसीटी) सरफेस कोटिंग टेक्नॉलॉजीचं बी. टेक. आहे. रंग, व्हार्निश, लेप हाच तिथला अभ्यास. दुसरी वाट, एम. एस. युनिव्हर्सिटीतून केमिस्ट्रीत बी. एस्सी. आणि पुढे जुनी चित्रं, फोटो, कागद जतन करण्याचं शिक्षण. लखनौला त्यासाठी सरकारी संशोधन प्रयोगशाळा आहे. आणि ज्या पुष्पबागेचा तुम्हाला एवढा ध्यास आहे, तिथल्या फॅकल्टीत 1952 पासून म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, विभागही आहे. तिला यातलं काहीच नको असेल तर तेही चालेल. मी वहीवरून अंदाज बांधतेय, तिच्याशी बोललेले नाही. तुम्हीही नाही, हाच तर मुद्दा आहे.

आता तातडीचं. एका पानावर ‘नेलपॉलिश रिमूव्हरने जास्त लवकर’ असं लिहिलंय. त्यात बहुधा अ‍ॅसिटोन असतं आणि ते भुर्रकन पेट घेतं. रात्री, बंद स्वयंपाकघरात, गॅसशेजारी हे प्रयोग आजपासून बंद. जेल आणि पाण्याचं काम करू दे. अशा द्रावकाचं करायचंच असेल तर दिवसा, गच्चीवर, हातमोजे घालून आणि तुम्ही जवळ असताना.

आणि ज्यांच्या ऑर्डरी घेतल्यात त्यांना फोन तुम्हीच करा. आगाऊ पैसे घेतले असतील तर परत करा. तिने स्वतःहून चार-पाच करते म्हटलं, तर तेवढ्याच ठेवा, आणि कोणाच्या ते तिला ठरवू द्या.