बेळगावच्या थंडीसाठी जुन्या कौलारू घरात हॉट अँड कोल्ड एसी घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सावंतवाडीहून आंबोली चढून बेळगावात आलात, शहापुरात जुनं कौलारू घर घेतलंत आणि पहिल्याच डिसेंबरात आईंचे गुडघे धरले. आधीच्या मालकाचा एक जुना स्प्लिट एसी भिंतीवर आहे. तो दुरुस्त करून गरम हवा मिळेल का, नवा हॉट अँड कोल्ड घ्यावा, की साधा हीटर बरा?

मी वीस वर्षं इथंच फ्रिज-एसीची कामं करतोय. तुम्ही एसी घेतलात तर आमच्यासारख्याचं भलंच आहे. तरी सांगतो, दुकानात जायच्या आधी एकदा आढ्याकडं बघा.

हे मी स्वतःच्या घरी पैसे घालवून शिकलो. आमचंही घर तसलंच, जाड भिंती आणि वर खानापूरकडची कौलं. आईसाठी म्हणून माजघरात दीड टनाचा हॉट अँड कोल्ड बसवला. रिमोटवर २६ लावलं आणि तासाभरानं ऐटीत बघायला आलो. आमचं मांजर वर तुळईवर जाऊन पसरलेलं! सगळी ऊब तिथं. खाली शहाबादी फरशी बर्फासारखी, आणि आई चुलीपुढनं काही उठली नाही. गरम हवा हलकी, ती वर जाते आणि कौलांच्या फटीतनं निघून जाते. मे महिन्यात याच फटींमुळं घर गार राहतं, त्यामुळं त्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही.

म्हणून अख्खं घर गरम करायच्या नादाला लागू नका. एकच लहान खोली निवडा, दहा बाय बाराची असली तरी पुष्कळ. तिला साडेआठ-नऊ फुटांवर जिप्सम बोर्डाचं सीलिंग करून घ्या आणि त्यावर दोन इंच जाडीची रॉकवूल (ऊब अडवणारी दगडी लोकर) अंथरा. सुतार थर्माकोल सुचवेल, स्वस्तही पडतो, पण नको. तो पेट घेतो, आणि वायरी नेमक्या त्याच पोकळीतनं जाणार. सीलिंग आणि कौलं यांच्यात हवा खेळती ठेवा, कडेला उंदरांसाठी जाळी मारा. दाराखालच्या फटीला जुनी गोधडी गुंडाळून लावली तरी चालते. फरशीवर जाड सतरंजी टाका. एवढं झाल्यावर कितीतरी घरांत मशीन घ्यायची गरजच उरत नाही, कारण आपली थंडी म्हणजे काय, रात्री १२-१४ अंश, एखाद्या रात्री पारा १० कडं जातो. काश्मीर नव्हे.

एवढं करूनही ऊब कमी पडली तर मग हीटर की एसी, ते बघू. हीटर विजेची सरळ उष्णता करतो: १ युनिट घेतो, १ युनिटचीच ऊब देतो. २००० वॅटचा हीटर रोज चार तास चालला तर ८ युनिट, महिन्याला २४०. तेलाच्या हीटरला (आत तेल भरलेला विजेचाच हीटर) खोली तापली की तो बंद करणारा थर्मोस्टॅट असतो, पण फटीच्या खोलीत तो बंद पडायची वेळच येत नाही. आता गृहज्योतीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचा हिशेब करा. तुमचं हेस्कॉमचं (इथल्या वीज कंपनीचं) बिल सध्या शून्य येत असेल, तर महिन्याला २०० युनिटच्या वर गेलात की पूर्ण बिल भरावं लागतं. म्हणजे एकटा हीटरच सवलत घालवतो.

हॉट अँड कोल्ड एसी उष्णता तयार करत नाही, बाहेरची उचलून आत आणतो. बाहेर १२ अंश असताना कसली उष्णता, असं सगळे विचारतात. आतला आर-३२ गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांना उकळतो, त्याच्या लेखी आपली पहाट चांगलीच गरम. त्यामुळं १ युनिट विजेत ३ युनिटच्या आसपास ऊब मिळते. म्हणजे हीटरच्या २४० च्या जागी ८० युनिट. कॅनडा, नॉर्वेसारख्या मुलखात उणे तापमानात बाहेरच्या कॉईलवर बर्फ धरतो, मशीनला मधेमधे उलटं चालवून तो वितळवावा लागतो. आपल्याकडं ती वेळ क्वचित. आपली हवा या मशीनसाठी अगदी सोयीची आहे.

आता जुना एसी. तो फक्त थंड करणारा असेल तर त्याच्यात फोर-वे व्हॉल्व्ह नसतो. गॅसची दिशा उलटवणारा हाच भाग. त्याच्याशिवाय गरम हवा नाही. "व्हॉल्व्ह घालून देतो" म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, कारण बोर्ड, सेन्सर, सगळंच वेगळं लागतं. उन्हाळ्यासाठी दुरुस्त करायचा असेल तर बाहेरच्या युनिटवरची पट्टी वाचा. आर-२२ (जुना एसी गॅस) लिहिलं असेल तर पैसे घालू नका. ओझोनचा थर वाचवायच्या मॉन्ट्रियल करारानुसार तो गॅस २०३० पर्यंत जवळपास वापराबाहेर जातोय. दुसरा गॅस असेल आणि कमी झालाय असं कळलं, तर आधी लीकेज शोधायला लावा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. नायट्रोजनचं प्रेशर देऊन, साबणाचं पाणी लावून गळती पकडायची, जोड नीट करायचा, पाइपातली हवा पंपानं ओढून काढायची (व्हॅक्यूम), मग गॅस. दरवर्षी नुसता गॅस भरून जाणारा मेकॅनिक बदला. आमच्याच धंद्यातले लोक आहेत, पण खरं ते खरं.

नवा घेतलात तर वायरिंग आधी तपासा. जुन्या घरांत बारीक वायर आणि ५ अँपिअरचे सॉकेट असतात, त्यावर एसीच काय, हीटरही लावायचा नाही. मेन बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरंखुरं आर्थिंग घ्या. हीट मोडवर एसीच्या तोंडावरच्या हवेच्या पट्ट्या खाली वळवा, नाहीतर ऊब सीलिंगलाच चिकटते. सुरू केल्यावर दोन-चार मिनिटं पंखा फिरत नाही; कॉईल तापल्याशिवाय तो सुटत नाही, बिघाड नव्हे. आणि थंडीत पाणी आत नाही, बाहेरच्या युनिटखाली ठिबकतं. त्यावरनं मला वर्षाला निदान दहा फोन येतात. वळीव गडगडायला लागला की एमसीबी पाडा, एसीचे सर्किट बोर्ड बहुतेक त्याच दिवसांत जळतात. उरलेले पालींच्या कृपेनं.

काही नाहीच जमलं आणि हीटरच घेतलात, तर तेलाचा घ्या. लाल कांडीच्या हीटरला पदर नाहीतर शाल लागायला वेळ लागत नाही. पण दार लावून कोळशाची शेगडी मात्र कधीच नको, आई कितीही म्हणोत. फटी बुजवल्यावर तर अजिबातच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली झरोक्याची जाळीही याच कारणासाठी उघडी ठेवा.

शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून नीट परत लावणं, झाल्याशिवाय सीलिंग करू नका, नाहीतर पहिल्या पावसात गळकं कौल बोर्ड आणि रॉकवूल दोन्ही भिजवेल. शाकारणीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा. एप्रिल लागला की तो फोन उचलत नाही.