जुने दरवाजे चपखल कसे बसले?

प्रश्न : इंग्लंडमध्ये बर्कशायरमधल्या बॅसिल्डन पार्क वाड्यात काही दरवाजे दुसऱ्या वाड्यातून आणलेत म्हणे. मग ते बेमालूम कसे बसले?

उत्तर : दोन्ही वाड्यांत काम एकाच वास्तुविशारदाचं, यॉर्कच्या जॉन कारचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये गबर झालेल्या फ्रान्सिस साइक्सने १७७१ मध्ये बॅसिल्डनची इस्टेट घेतली. बांधकाम १७७६ मध्ये सुरू झालं. पण पुढे पैसा आटला, आणि आतलं काम अर्धवटच राहिलं. ते १८३८ नंतर पुरं केलं जेम्स मॉरिसन या कापड-व्यापाऱ्याने.

विसाव्या शतकात वाड्याची पार रया गेली. आतली काही नक्षी तर उचकटून न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात गेली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने तळ ठोकला, तेव्हा उरलंसुरलंही खिळखिळं झालं. १९५२ मध्ये आयलिफ दांपत्याने ही पडझड विकत घेतली. (धाडसच म्हणायचं!) त्याच सुमारास लिंकनशायरमधला दुसरा वाडा, कारच्याच हातचं काम असलेला पॅन्टन हॉल, पाडायला निघाला होता. तिथले महोगनीचे दरवाजे त्यांनी आणले. कारची मापं इतकी काटेकोर, की ते इथल्या चौकटींत सहज बसले. १९७८ पासून वाडा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.